बेडकापासून कासवापर्यंत दोन तारा

वायरवहिनींना कुठलीही गोष्ट ओढून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. दाराला कडी लावली की कडी ओढायची, पिशवीला गाठ मारली की गाठ ओढायची, पाहुणा बसायला लागला की आधी खुर्चीची पाठ ओढायची आणि मगच ‘बसा’ म्हणायचं. शेजारणीच्या नव्या माळेचं कौतुक करता करता त्यांनी ती एकदा अशी काही ओढून बघितली, की मणी जिन्यावरून थेट तळमजल्यापर्यंत गेले. शेजारीण अजून बोलत नाही. वहिनींचं म्हणणं एवढंच, की ती माळ आज ना उद्या तुटणारच होती, भर रस्त्यात तुटली नाही हे नशीब समजा.

हा गुण धंद्यातून आला. कुणी अवगुण म्हणेल, आपण काही भांडत नाही. वहिनी गाड्यांचं वायरिंग करतात. बस, टेम्पो, रुग्णवाहिका, जे दारात येईल ते. आणि त्या धंद्यात पहिला धडा हाच, की तार जोडली की ओढून बघ. हाताला सुटली तर रस्त्यात सुटणारच.

त्यांचं लग्नसुद्धा त्यातूनच जमलं. गॅरेजमध्ये एक उंच, अबोल माणूस नवा कामाला लागला. पहिल्याच दिवशी वहिनींनी, म्हणजे तेव्हा त्या कुणाच्याच वहिनी नव्हत्या, त्याने केलेले सगळे जोड ओढून बघितले. एकही सुटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांचे सगळे ओढून बघितले. तेही सुटले नाहीत. असं बरेच दिवस चाललं. मालकाला वाटलं, ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून आहेत. ठेवूनच होती. एके दिवशी लग्नाची गोष्ट निघाली आणि दोघांनीही आढेवेढे घेतले नाहीत. नवऱ्याच्या हातातून पक्कड म्हणून कधी सुटायची नाही, त्यामुळे बाजारानं त्याचं नाव ठेवलं पक्कडराव. पुढे दोघांनी स्वतःचं दुकान काढलं. संध्याकाळी दुकान बंद केलं की कुलूप आधी पक्कडराव ओढतात, मग वहिनी ओढतात. रस्त्यावरची माणसं बघत उभी राहतात. आता एवढ्या ओढाओढीत संसार टिकला, म्हणजे तो मुळातच घट्ट असणार.

वहिनींचे वडील त्यांच्याकडेच राहत. बाबांनी जन्मभर एकच नोकरी केली. मोठ्या उद्यानात मुलांना फिरवणारी छोटी गाडी आहे, ती ते चालवत. पुढे बेडकाच्या तोंडाचं इंजिन, त्याच्यामागे ससा, मग बदक, मधोमध पाणघोडा, मग अस्वल, मग जिराफ आणि शेवटी कासव. जिराफाची मान कापलेली होती, कारण ती बोगद्यात अडकायची. त्यामुळे तो जिराफ कमी आणि पिवळी गाय जास्त दिसायचा, पण बाबांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

या गाडीच्या तारा उंदरांनी खाल्ल्या. साध्यासुध्या नाही, मेजवानी केली. गाडी बंद पडली आणि उद्यानाच्या साहेबांना आयताच मोका मिळाला. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त फरशीची फार हौस होती. जिथं माती दिसेल तिथं फरशी घालायची. त्यांनी सांगून टाकलं, दिवे-दांड्या चालवणाऱ्या नव्या पेट्या आणून देतो, एकदा वायरिंग करा. चाचणीत गाडी नीट चालली तर ठेवू. नाही चालली तर रूळ उपटून वर फरशी, लोकांना फिरायला छान रस्ता होईल.

गाडी बंद झाली तसे बाबा घरी बसले, आणि बसले म्हणजे बसलेच. सुरुवातीला गंमत वाटली. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना ते दाराशी थांबायचे, दोन्हीकडे बघायचे आणि मग निघायचे. पक्कडराव मागून येत असले तर ‘हात आत घ्या’ म्हणायचे. पण हळूहळू तेही थांबलं. ताटावर बसले की दोन घास खायचे आणि हात धुवायचे. वहिनी विचारायच्या, “बाबा, काही हवंय का?” ते म्हणायचे, “भूकच नाही गं.” ज्या माणसानं आयुष्यभर दुपारचं जेवण बेडकात बसून, रुळाकडे डोळे लावून, दोघांचं खाल्लं, त्याला भूक नाही. वहिनींनी नवऱ्याला सांगितलं, दुकानातली बाकीची कामं राहू द्या, हे काम आधी. गाडी गेली तर बाबा हातचे जातील.

तर काम सुरू झालं. नव्या पेट्या प्रत्येक डब्यात एक. ती पेटी त्या डब्याचे दिवे लावणार आणि मुलं पडू नयेत म्हणून असलेली दांडी खाली-वर करणार. गाडीची घंटा होती कासवात, अगदी शेवटी. हे सगळं जोडायचं कसं, ते वहिनींनी बाबांना समजावून सांगितलं, कारण बाबा काम बघत बाकावर बसून असायचे.

“पूर्वी प्रत्येक दिव्याला वेगळी तार होती बाबा. आता बेडकापासून कासवापर्यंत दोनच तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या. याला कॅन बस म्हणतात, चाकांची बस नव्हे. सगळ्या पेट्या त्याच दोन तारांवर बोलतात, त्याच तारांवर ऐकतात. तुम्ही बटण दाबलं की बेडूक सगळ्यांना सांगणार, घंटा वाजवा. ज्याची घंटा आहे तो वाजवणार, बाकीचे गप्प.”

“आणि कासवाच्या पुढे काय?”

“पुढे काही नाही. म्हणून तिथं हा एवढासा रेझिस्टर लावायचा. तो नसला तर बोललेलं टोकाला आपटतं आणि परत येतं, मग मागून येणारं नीट ऐकू येत नाही. हा ते टोकाशी गिळून टाकतो. असाच एक बेडकाच्या टोकाला. टोकं दोन, रेझिस्टर दोन. तिसरा लावायचा नाही.”

“तो लागलाय की नाही हे कळणार कसं?”

“वीज बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावायचं. एकेक रेझिस्टर एकशेवीस ओहमचा. दोन्ही जागेवर असले तर आकडा साठ येतो. एकच असला तर एकशेवीस. जास्त झाले तर साठाच्या खाली जातो. साठ म्हणजे पास.”

बाबांनी मान डोलावली. साठ एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं, आणि ते पुरेसं होतं.

मग घोडं अडलं कुठं? फांद्यांवर अडलं. मुख्य जोडीपासून प्रत्येक पेटीकडे एक छोटी फांदी जाते. ती आखूड हवी, वीतभर फार झाली. सगळ्या डब्यांतून एकच सरळ ओळ जायला हवी, तिला लांब लांब शेपट्या फुटल्या की बोलणं तिथंही आपटतं. आता पक्कडरावांना तार कापायची म्हटलं की जिवावर येतं. त्यांनी प्रत्येक डब्यात चांगली हात-दीड हात तार सोडून तिचं वेटोळं करून ठेवलं. “असू दे की. पुढेमागे पेटी हलवायची झाली तर कामाला येईल.”

वहिनी म्हणाल्या, “पेटी कुठं जाणार आहे? फिरायला?”

“तुला मागचापुढचा विचारच नाही.”

पक्कडराव चहाला गेले आणि वहिनींनी कात्री घेऊन सगळ्या फांद्या कापून आखूड केल्या. आता सरळ सांगायचं तर वहिनींचं म्हणणं बरोबर होतं आणि वागणं चुकीचं होतं. चहा पिऊन आलेल्या नवऱ्याला पायाशी तारांचा ढीग दिसला. पक्कडराव चिडले की ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बोलणं बंद करतात आणि हातातली पक्कड नुसती उघडमिट करतात. कट कट कट. तो आवाज ऐकला की वहिनींचंही डोकं सणकतं. दोघांची बोलाचाली बंद झाली.

काम तर करायचं होतं. पक्कडरावांनी बेडकाकडून सुरुवात केली, वहिनींनी कासवाकडून, आणि पाणघोड्याच्या पोटात दोन्ही बाजूंच्या तारा जोडायच्या असं न बोलताच ठरलं. पण न बोलता वायरिंग होत नाही. निरोप लागतात. निरोप्या कोण, तर बाबा.

“बाबा, त्यांना सांगा, पिवळी तार वरची आणि हिरवी खालची, उलटं करू नका.”

बाबा डब्यांच्या कडेनं चालत बेडकापर्यंत जायचे. “ती म्हणते, पिवळी वर.”

“तिला सांगा, मला माहीत आहे. मी काय आज जन्मलो?”

बाबा चालत परत. “हो म्हणाले.”

म्हाताऱ्या माणसानं किती चालावं? दुपारपर्यंत बाबांचे गुडघे बोलायला लागले. मग त्यांनी आपली एक सोय काढली. निघायचं, पाणघोड्यापर्यंत जायचं, सावलीत जरा टेकायचं, आणि उत्तर आपल्या मनानंच घेऊन परत यायचं. तेही गोड करून. वहिनींनी पाठवलेलं, ‘तुमच्या त्या वेटोळ्यांचं काय करू, लोणचं घालू?’ हे पक्कडरावांपर्यंत पोहोचलं तेव्हा, ‘ती म्हणते काम छान चाललंय’ असं झालेलं होतं. पक्कडराव चमकले. सोळा आणे खोटं आहे हे त्यांनी ओळखलं. आपली बायको काम चाललेलं असताना छान म्हणते? तेव्हापासून बाबांच्या कुठल्याही निरोपावर त्यांचा भरवसा राहिला नाही.

तिकडे वहिनींनी महत्त्वाचा प्रश्न पाठवला. “बाबा, नीट विचारून या, टोकाचा रेझिस्टर लावला का?”

बाबा पाणघोड्यात टेकले, एक डुलकी काढली आणि परत आले. “लावला म्हणाले.”

“खरंच विचारलंत?”

“हो... म्हणजे लावलाच असेल ना गं त्यांनी.”

थोड्या वेळानं पक्कडरावांनीही तोच प्रश्न पाठवला, आणि त्यांनाही तसंच पुळचट उत्तर मिळालं. खरं म्हणजे दोघांनीही आपापल्या टोकाला रेझिस्टर लावला होता, अगदी पक्का. पण संशयाला औषध नाही. वहिनी पाणी भरायला जाते म्हणून गेल्या आणि बेडकाच्या जिभेखाली, काळ्या टेपात गुंडाळून, एक जादा रेझिस्टर बसवून आल्या. ओढूनही बघितला. नवरा बरोबर असेलच, पण असू दे, आपल्या बाबांच्या गाडीचा प्रश्न आहे. आणि अर्ध्या तासानं पक्कडराव पाय मोकळे करायला म्हणून गेले ते कासवाच्या पाठीखाली तसाच एक बसवून आले. त्यांनीही ओढून बघितला. दोघंही चोरून आल्यावर इतके सोज्वळ चेहरे करून बसले, की बाबांना वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

चाचणीच्या आदल्या दुपारी त्यांनी गाडी जागेवरच उभी ठेवून चालू करून बघितली. साहेब सहज डोकावले होते. बाबांनी बेडकात बसून दांड्यांचं बटण दाबलं. सशाची दांडी खाली आली. बदकाची अर्ध्यावर येऊन थांबली. पाणघोडा ढिम्म. जिराफाचे दिवे लागले, विझले, लागले. बाबांनी घंटेचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

साहेब कासवाजवळ उभे होते. ते सहानुभूतीनं म्हणाले, “हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. फरशीसुद्धा काही वाईट...”

आणि त्यांच्या कानाशी घंटा वाजली. साहेब एवढे दचकले की टोपी जिराफाच्या मानेच्या बुंध्यावर जाऊन बसली. त्यांनी ती काढली, घातली आणि, “उद्या सकाळी येतो,” एवढं बोलून ते निघून गेले. ते फाटकापर्यंत पोहोचले असतील नसतील, तोवर घंटा आणखी एकदा वाजली.

कुणी हसलं नाही. बाबांचा चेहरा पडला होता. ते बेडकातून उतरले आणि घरी गेले. त्या रात्री त्यांनी ताटाला हातही लावला नाही.

वहिनी मागे राहिल्या होत्या, झाडून घेते म्हणून. त्यांनी वीज बंद करून मीटर लावलं. तीस. तीस म्हणजे चार रेझिस्टर. वहिनींच्या डोक्यात सगळं शिरलं. दोन आपले. म्हणजे उरलेले दोन नवऱ्याचे, एक पुढे आणि एक मागे. म्हणजे त्यांनीही आपल्या टोकावर अविश्वास दाखवला. आधी राग आला. मग आठवलं, सुरुवात आपणच केली. आपण त्यांच्यामागून तारा कापल्या, आपण त्यांच्या टोकात चोरून हात घातला. लाज वाटली. कबूल करायला तोंड नव्हतं, तेव्हा वहिनींनी आपले दोन्ही रेझिस्टर गुपचूप काढले आणि सुट्या सामानाच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. आता त्यांचे दोन राहिले, एकेका टोकाला एकेक. साठ. मिटलं. अळीमिळी गुपचिळी.

आता पक्कडराव काय गप्प बसणारा गडी? साहेब गेले तेव्हा वहिनी झाडू शोधत होत्या, तेवढ्यात त्यांनीही घाईघाईनं मीटर लावून बघितलं होतं. तीस. त्यांनीही तोच हिशोब केला, त्यांनाही तशीच लाज वाटली. सकाळी फिरायला जातो म्हणून ते उजाडता उजाडता उद्यानात आले आणि आपले दोन रेझिस्टर काढून त्याच पत्र्याच्या डब्यात टाकून घरी परतले. जन्मभर दुसऱ्याचा जोड ओढून बघणाऱ्या माणसानं त्या दिवशी मीटर लावून बघितलं नाही. का, तर म्हणे, झाल्या चुकीचं पुन्हा मोजमाप कशाला. घ्या. हुशारी अशी वेळेला रजेवर जाते.

सकाळी तिघंही उद्यानात जमले. बाबा सगळ्यांच्या आधी येऊन गाडी पुसत होते. वहिनींनी शेवटचं म्हणून पाणघोड्यात मीटर लावलं, मोठ्या खात्रीनं.

एकशेवीस.

त्या मीटरकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी किती तरी दिवसांनी सरळ नवऱ्याकडे बघून तोंड उघडलं. “अहो, दुसरा कुठं गेला?”

“कुठला दुसरा?”

“तुमचे दोन होते ना? मी माझे दोन्ही काढले.”

पक्कडरावांच्या हातातली पक्कड थांबली. “तुझे होते म्हणून तर मी माझे दोन्ही काढले.”

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात दोघांची हयात गेली आणि शेवटी दोघांचीही भांडी एकाच ठिकाणी सापडली. हसू फुटणारच होतं, पण तेवढ्यात वहिनींचं डोकं चालू झालं. “थांबा. मी माझे काढले, तुम्ही तुमचे काढले, तर एकही राहायला नको. आणि मीटर दाखवतंय एक. म्हणजे तुम्ही एक ठेवलात.”

“मी? मी दोन्ही काढले. तूच एक ठेवला असशील. बेडकात. माझ्यावर विश्वास नाही म्हणून.”

“मी काढला म्हटलं ना.”

“तू काढलास, मी काढला, मग हा काय पाणघोड्यानं गिळला?”

“शपथ घ्या.”

“तू घे.”

आता खरं भांडण लागलं. तारा, वेटोळी, चहा, लोणचं, लग्नाआधीचे जोड, सगळं बाहेर निघालं. फाटकातून साहेब येताना दिसत होते, हातात गुंडाळी केलेला नकाशा. त्यात फरशी असणार. आणि ही दोघं एकमेकांना खोटारडं ठरवण्यात दंग.

“अरे, त्या पाणघोड्यातच बघा,” बाबा म्हणाले.

दोघं वळले.

बाबा ओलं फडकं हातात घेऊन उभे होते. “त्या जोडाला लागून. मी लावलाय.”

“तुम्ही?” वहिनी म्हणाल्या. “बाबा, मी सांगितलं होतं ना, तिसरा लावायचा नाही?”

“सांगितलं होतंस. पण सकाळी त्या पत्र्याच्या डब्यात ते पडलेले दिसले. मला वाटलं, काम झाल्यावर सामान उरलं म्हणजे कुठंतरी लावायचं राहिलंय. पुढे तुम्ही दोघं सारखे जात होता, मागे तुम्ही दोघं सारखे जात होता. मधल्याकडे कुणी गेलंच नाही.” बाबांनी फडकं पिळलं. “आणि खरं सांगू का पोरी, माझी गाडी आहे. हिचं सगळं तुम्ही करताय. मला नुसतं इकडून तिकडे पाठवताय. मलाही वाटलं, एक तरी स्क्रू आपल्या हातानं घट्ट करावा.”

वहिनींना काय वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे, पण सांगायला हवं. त्यांना स्वतःची चीड आली. जिच्या पायी आपण एवढा आटापिटा केला त्या गाडीचा माणूस आपण बाकावर बसवून ठेवला होता. भूक नाही म्हणतो म्हणून काळजी केली, पण हाताला काम दिलं नाही.

“बाबा, मधल्यांना तो लागत नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मधल्यांनी फक्त ऐकायचं, आपल्यापुरतं घ्यायचं आणि बाकीचं पुढं जाऊ द्यायचं.”

“ते मला जमत नाही हे तुम्ही बघितलंतच,” बाबा म्हणाले.

पक्कडराव खो खो हसले. इतके दिवस मनात साचलेलं सगळं त्या हसण्यातून गेलं. वहिनीही हसल्या, डोळे पुसत. पण साहेब अगदी जवळ आले होते. पक्कडरावांनी डब्यातून एक रेझिस्टर उचलला. “मी बेडकाचा बघतो. कासव?”

वहिनींचा हात डब्याकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. “बाबा, पाणघोड्यातला काढा आणि कासवाच्या टोकाला लावा. हे दोन स्क्रू. जमेल ना?”

बाबा पेचकस घेऊन निघालेसुद्धा. गुडघे वगैरे काही बोलत नव्हते.

वहिनी पाणघोड्यात मीटर धरून बसल्या. आकडा आधी काहीच्या बाही झाला. मग पक्कडरावांकडून हाक आली आणि एकशेवीस दिसले. मग बराच वेळ एकशेवीसच राहिले. कासवाकडून पेचकसाचा आवाज येत होता, मध्येच काहीतरी खाली पडल्याचा, मध्येच बाबांनी स्क्रूला घातलेली शिवी. वहिनींचे पाय कासवाकडे वळू बघत होते. त्यांनी एका हातानं पाणघोड्याचा कान घट्ट धरून ठेवला. आणि मीटर साठावर आलं.

पण मीटर उभ्या गाडीचं खरं सांगतं. स्क्रू घट्ट बसलाय की नुसता टेकलाय, हे त्याला कळत नाही. ते हातानं ओढूनच कळतं, नाहीतर बोगद्यापलीकडच्या वळणावर, जिथं रूळ इतके खडखडतात की मुलांचे दात वाजतात. वहिनींना ते माहीत होतं. साहेबांनाही काही कारण सांगून चार मिनिटं थांबवता आलं असतं. बाबा कासवाकडून हात पुसत आले आणि लेकीकडे बघून थांबले. ही आता मागे जाणार आणि ओढून बघणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

“चला बाबा, बसा,” वहिनी म्हणाल्या.

बाबा बेडकात चढले. साहेब म्हणाले, पहिली फेरी रिकामी, फक्त चालक. तिघं फलाटावर उभे राहिले. बाबांनी बटण दाबलं आणि सशापासून कासवापर्यंत सगळ्या दांड्या एकदम खाली आल्या, शाळेतली मुलं एकदम बसावीत तशा. दिवे लागले. गाडी निघाली. पक्कडराव वहिनींच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “कासवाचं ओढून बघितलंस ना?”

“नाही.”

पक्कडरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू आपली बायको आपण आजच प्रथम पाहतोय. “मीही नाही,” ते म्हणाले.

गाडी बोगद्यात शिरली. बेडूक गेला, ससा गेला, पाणघोडा गेला, कासवही गेलं. मग नुसता खडखडाट. वळण आलं. वळणावर चालकानं घंटा द्यायची असते. वहिनींनी नवऱ्याचा दंड धरला होता, तो त्या कधी पिळायला लागल्या हे त्यांनाही कळलं नाही. साहेबांनी नकाशा या बगलेतून त्या बगलेत घेतला.

घंटा वाजली. एकदाच, खणखणीत आणि वेळेवर.

वहिनींचा जीव भांड्यात पडला आणि त्या फलाटावर उभ्या उभ्या मोठ्यानं रडल्या. लाजल्या नाहीत. “आता काय झालं? चाललीय की नीट,” साहेब गोंधळून म्हणाले. “चाललीय म्हणूनच,” पक्कडराव म्हणाले आणि दंड चोळत राहिले. साहेबांनी त्या दोघांकडे बघितलं, रुळांकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “ठीक आहे. राहू द्या गाडी.”

हे बाबांना सांगायला हवं होतं. गाडी वळण घेऊन फलाटाजवळ आली, आणि थांबली नाही. तशीच पुढे गेली. साहेबांनी हात वर केला. बाबांनीही हसून हात वर केला.

“थांबत का नाहीत? ब्रेकमध्ये काही बिघाड?”

“ब्रेक उत्तम आहेत,” वहिनी म्हणाल्या.

दुसरी फेरी. तिसरी फेरी. दर वळणावर घंटा. साहेब बाकावर बसले, त्याच बाकावर, जिथं इतके दिवस बाबा बसायचे. चौथ्या फेरीला गाडी समोरून जाताना बाबांनी बेडकाच्या तोंडातून मान बाहेर काढली आणि चालत्या गाडीतूनच ओरडून सांगितलं, “अगं ए, काहीतरी खायला आण. सपाटून भूक लागलीय.”

आणि गाडी पुन्हा बोगद्यात गेली. वहिनी जेवण आणायला घराकडे धावत सुटल्या.